हात ठेवा, मॅडम

गीताबाईंनी इन्सुलिनची सुई कुलदीपच्या पोटात टोचली, क्षणभर तशीच धरून ठेवली, अलगद काढली आणि मगच दारात उभ्या असलेल्या पूनम मॅडमकडे पाहिलं.

"या न मॅडम. काऊन उभ्या तिथं?"

कुलदीपनं घाईघाईनं सदरा खाली ओढला. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेला वीस वर्षांचा घोडा, आणि कॉलेजच्या मॅडमसमोर आईकडून पोटात सुई टोचून घेतोय! बिचाऱ्याचे कान लाल झाले. त्याला स्वतःची स्वतः घेता येत नव्हती असं नाही. कॉलेजच्या दिवशी तो घ्यायचाच. पण घरी असला की गीताबाई सुई त्याच्या हाती लागू देत नसत. शाळेत असताना त्याची शुगर निघाली, तेव्हापासून हे काम त्यांचं. घरात फ्रीज आला तोसुद्धा या औषधासाठीच. दूध आणि भाजी त्यात मागाहून शिरली.

पूनमनं पाच वर्षांच्या तनूचा हात धरून उंबरा ओलांडला. चिखलीहून उंद्रीपर्यंत स्कूटीवर येताना तिनं मनात सगळं भाषण जुळवून ठेवलं होतं. सुई कशी बारीक असते, दुखत कसं नाही, ताप आला तर काय करायचं. पहिल्याच पावलाला त्यातलं निम्मं फुकट गेलं. रोज पोटच्या पोराला सुई टोचणाऱ्या बाईला सुईचं काय सांगणार, कपाळ?

ओसरीत कुलदीपचे वडील उकंडराव मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. सोमवारी पहाटे माल चिखलीच्या बाजारात जायचा. त्यांनी हातातली जुडी बाजूला ठेवली, नमस्कार केला आणि पुन्हा जुडी उचलली. तनूला त्यांनी तुरीच्या ओल्या शेंगा दिल्या. ती लगेच तिथंच फतकल मारून सोलायला बसली, जसं काही हे तिचं आजोळच.

पूनम प्राणिशास्त्र शिकवायची आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं काम तिच्या गळ्यात होतं. गळ्यात असलेल्या कामातलं सगळ्यात जड काम यंदा लसीकरणाचं निघालं. कॉलेजं उघडली, लस घेतलेल्यांनाच वर्गात बसू द्या असा हुकूम आला, आणि एरवी फाटकाशी घुटमळणारी पोरं अशी गायब झाली की विचारू नका. एकाला कुणीतरी सांगितलं होतं, लस घेतली की पुढं लेकरू होत नाही. दुसऱ्याच्या मोबाइलवर आलं होतं की घेणारे सगळे दोन वर्षांत खपणार. व्यायामशाळेत दंड फुगवून फिरणारा एक पहिलवान कॅम्पच्या दिवशी मागच्या भिंतीवरून उडी मारून पळाला आणि पाय मुरगळून घेतला. मुलींचं वेगळंच, दोघींच्या घरी लग्न ठरत होतं, आणि मुलाकडच्यांना काय सांगायचं हा प्रश्न होता. पूनमनं एकेकाला गाठलं. समजावलं, रागावली, हसवलं, फळ्यावर चित्रं काढून दाखवली. कंटाळून का होईना, पोरं दंड पुढं करत गेली.

आणि या सगळ्यात तिचा उजवा हात कोण होता, तर हाच कुलदीप. रांगा लावायचा, घाबरलेल्या पोरांना गप्पांत गुंतवायचा, पाणी आणून द्यायचा. "अबे, मॅडम म्हनतात न काही होत नाही, मंग होत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. सगळ्या वर्गाचं झाल्यावर एक दिवस पूनमनं सहज विचारलं, "तुझं कधी झालं रे?" तेव्हा तो खाली पाहत म्हणाला होता, "आई नाही म्हनते, मॅडम."

त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला. बाकीच्या धडधाकट पोरांचं एक वेळ निभावलं असतं. याला शुगर होती, तीही लहानपणापासूनची. पूनमच्या मामाला शुगर होती. दुसरबीडचा तिचा सख्खा मामा. 'पाहू पुढच्या आठवड्यात' करत लसीला चालढकल करत राहिला आणि एप्रिलच्या लाटेत स्वतःच्या पायांनी दवाखान्यात चढला. त्यानंतर तो कुणाला दिसलाच नाही. आता नवा कोरोना येतोय म्हणून टीव्ही पुन्हा ओरडायला लागला होता. उद्या सोमवारी कॉलेजात शेवटचा कॅम्प. वर्गात एक जरी राहिला तर प्राचार्य बोलणार होते, ते बोलोत बापडे. पूनमला हे एक पोरगं हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून रविवारची सुट्टी मोडून, नवरा ड्यूटीवर म्हणून लेकीला सोबत घेऊन, ती आली होती.

चहा आला. पूनमनं विषयाला हात घातला.

गीताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग पदरानं हात पुसत म्हणाल्या,

"मॅडम, तुमी आमच्यासाठी एवढ्या दूर आल्या. तुमाले नाही म्हनाची मले लाज वाटते. पन आमच्या शेजारच्या केसरबाईचा भागवत तुमाले माहीत नसन."

पूनमला माहीत होतं. कुलदीपनंच सांगितलं होतं. बत्तीस वर्षांचा तगडा माणूस. दिवाळीआधी लस घेतली आणि दुसऱ्या दिवशी सोयाबीन काढताना मळणीयंत्रापाशीच कोसळला.

"त्याच्या हृदयाला जुना दोष होता, गीताबाई. डॉक्टरांनी सांगितलं ना तसं."

"सांगतलं न. पन आदल्या दिवसापर्यंत तो दोष कोनाले दिसला नव्हता," उकंडराव मान वर न करता बोलले. "मीच उचलून गाडीत घातला त्याले. अंग गरम होतं अजून."

"भागवत मानूस कसा, तं पोतं असं एका हातानं फेके," गीताबाई म्हणाल्या. "अन् माह्यावाला? माह्यावाला तं आधीच अर्धा हाये."

कुलदीप खांबाला टेकून उभा होता. 'अर्धा' म्हटल्यावर तो हसला. हे त्याला रोजचं असावं.

पूनमनं दम घेतला. अशा वेळी आवाज चढवायचा नसतो, एवढं तिला या तीन महिन्यांनी शिकवलं होतं. शुगर असलेल्याला कोरोना किती जड जातो ते तिनं सांगितलं. मामाचं सांगितलं. मग आकडे सांगितले. देशात किती कोटी लोकांनी लस घेतली, त्रास किती जणांना झाला, मोठा त्रास तर लाखांत एखाद्यालाच.

"टक्के नोका सांगू, मॅडम. टक्के मलेई समजतात, दहावी पास हाव मी." गीताबाईंच्या बोलण्यात राग नव्हता. "लाखात एक म्हनता न तुमी? तो एक कोनाच्या तरी घरचा असतेच न? केसरबाईच्या घरचा होता. तिले लाख काय करायचे?"

पूनमकडे याचं उत्तर होतं. वर्गात तिनं ते पोरांना दिलंही होतं. पण पलीकडच्या भिंतीआडून केसरबाईंच्या घरात कुणीतरी भांडी घासत असल्याचा आवाज येत होता, आणि ते उत्तर तिच्या तोंडून निघेना.

"तुमी सांगा," गीताबाई जरा पुढं सरकल्या. "तुमाले सोताले पटते न हे? पुस्तकातलं म्हनून नाही, मनातून?"

"मनातून. मी स्वतः घेतली आहे. आमच्या स्टाफमध्ये सगळ्यांत आधी."

"इस्वास हाये न पक्का?"

"पक्का आहे."

"मंग बस्स झालं." गीताबाईंचा चेहरा एकदम मोकळा झाला. "या तुमच्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवा अन् म्हना, कुलदीपले काही होनार नाही. उद्या सकाळी मी सोता त्याले घेऊन येईन. माह्यासमोर टोचा. पुन्ना एक शब्द नाही काढनार."

ओसरीत जुड्या बांधणारे हात थांबले. कुलदीप खांब सोडून सरळ उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, मोठं काम एकदाचं मार्गी लागल्यासारखं. त्यानंच हाक मारली,

"तनू, इकडं ये बेटा. आईपाशी ये."

पूनम हसली. काय पण सोपं! हिंमत करून विचारलं असतं तर गीताबाईंनी हे महिनाभरापूर्वीच सांगितलं असतं. डोक्यावर हात ठेवल्यानं काही होत नसतं, हे ती पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायची. शपथ, उतारा, लिंबू-मिरची, या सगळ्यावर तिचा एक अख्खा तास असायचा, आणि पोरं पोट धरून हसायची. तो तास कुलदीपला तर फारच आवडायचा. एक हात उचलायचा, चार शब्द बोलायचे. एका पोराचा जीव वाचत असेल तर माणूस याहून मोठं खोटं बोलेल. आणि हे तर खोटंही नव्हतं.

ती बोलायला लागली आणि तिला आपलाच आवाज ऐकू आला.

"त्याचं असं आहे गीताबाई, की काहीच होणार नाही असं कुठल्याच औषधाबद्दल म्हणता येत नाही. साधी क्रोसिनची गोळी घेतली तरी—"

"मले क्रोसिनचं नाही पाह्यजे," गीताबाई हळूच म्हणाल्या. "हात ठेवा, मॅडम."

तनू शेंगांनी हिरवे झालेले हात फ्रॉकला पुसत आली. मोठी माणसं काहीतरी तिच्याबद्दल बोलताहेत आणि डोक्यावर हात ठेवायचा आहे, एवढं तिला कळलं होतं. दुसरबीडला गेलं की सगळे तिच्या डोक्यावर हात ठेवायचे. तिला वाटलं, तसलंच काही. ती पूनमच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. आई हात उचलत नाही म्हटल्यावर तिनंच तो दोन्ही हातांनी उचलला आणि डोकं खाली घातलं.

केसांना तळवा लागला मात्र, पूनमनं हात ओढून घेतला. इतक्या झटक्यानं, की तनूची क्लिप सुटून जमिनीवर पडली.



शास्त्रात 'काहीच' या शब्दाला जागा नसते, हे खरंच होतं. तेच कारण आहे असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण ते कारण नव्हतं, आणि हे तिच्याशिवाय कुणाला इतकं नीट माहीत नव्हतं. तळव्याला केस लागले त्या क्षणी तिला एवढंच वाटलं होतं, की त्या पोराचं उद्या काही बरंवाईट झालं तर! बस्स. त्यापुढं एम.एस्सी. नव्हतं, पीएच.डी. नव्हती, काही नव्हतं. लाज वाटली, मरणाची लाज वाटली, आणि तरीही हात पुन्हा उचलवेना. तो तिच्या मांडीवर पडून राहिला.

गीताबाईंनी वाकून क्लिप उचलली. तनूला जवळ ओढून तिचे केस बोटांनी सारखे केले आणि क्लिप लावून दिली.

"राहू द्या मॅडम. मनाले नोका लावून घेऊ. आई हाये तुमीबी."

त्यांच्या तोंडावर जिंकल्याचं काही नव्हतं. उलट आत्ता उजळलेला चेहरा पार उतरून गेला होता. त्या उठल्या. फ्रीजवर कुलदीपचं आधार कार्ड आणि इस्त्री केलेला शर्ट काढून ठेवलेला होता, तो पूनमला आता दिसला. उद्याच्या कॅम्पसाठीच असणार, दुसरं काय? गीताबाईंनी कार्ड उचलून कपाटात टाकलं आणि शर्ट खुंटीला अडकवला.

"जेवूनच जा," त्या तिकडूनच म्हणाल्या. "भाकरी टाकतो दोन."

पूनम नको म्हणाली. घरी स्वयंपाक व्हायचाय, तनूचा अभ्यास राहिलाय, काहीबाही सांगितलं. कुणी फारसा आग्रह केला नाही. उकंडरावांनी मेथीच्या ताज्या जुड्या पिशवीत भरून दिल्या, आणि पैशाचं नाव काढायच्या आधीच "काय मॅडम, आता भाजीचे पैसे देता का?" म्हणून हात जोडले.

कुलदीप पिशवी घेऊन रस्त्यापर्यंत आला. रविवारची दुपार होती, गल्लीत शुकशुकाट होता. त्यानं पिशवी स्कूटीच्या हुकाला अडकवली, तनूला पुढं उभं केलं, हँडल नीट धरायला सांगितलं. पूनम किल्ली हातात धरून उभीच होती.

"कुलदीप, तू सज्ञान आहेस," ती म्हणाली. "कायद्यानं तुला कुणाची परवानगी लागत नाही. उद्या तू सरळ ये. मी स्वतः तुझ्याजवळ थांबेन. अर्धा तास नाही, दिवसभर थांबेन. शुगर तपासू, डॉक्टर असतील तिथं. आईला आपण मागून समजावू."

"हो मॅडम."

या 'हो मॅडम'ची तिला ओळख होती. शिकवलेलं डोक्यावरून गेलं की पोरं अशीच हो म्हणतात.

"मॅडम, एक सांगू का?" तो चाकाकडे पाहत म्हणाला. "तुमी आईवर नाराज नोका होऊ. ते डोक्यावर हात ठेवायचं आईनं नाही काढलं. मीच सांगतलं होतं तिले."

"तू?"

"हो. काल तिचं अन् माहं लय वाजलं. ती काही केल्या आयके ना. मंग मी म्हटलं, उद्या मॅडम येऊन राह्यल्या, त्यायले लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हनाले लाव. त्यायनं ठेवला तं घेऊ देशीन का? तं ती म्हने, हो, मंग देईन." तो थोडा थांबला. "ती म्हने, कोनी ठेवत नसते असा हात. मी म्हटलं, आमच्या मॅडम ठेवतीन. पटकन ठेवतीन. मी तं पैज लावाले तयार होतो."

पूनमनं किल्ली स्कूटीला लावली, पण फिरवली नाही.

"अरे, पण हात ठेवण्यानं काही होत नसतं," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच पोकळ वाटला. "आपण शिकलोय ना हे. तूच तर वर्गात—"

"हो न. काहीच होत नसते." कुलदीपनं लगेच मान हलवली. मग शंका विचारायला वर्गात उभा राहायचा, तसाच, तितक्याच सरळपणानं त्यानं विचारलं, "मंग काऊन नाही ठेवला, मॅडम?"

तनू हँडलवरचा हॉर्न वाजवत होती. पूनमनं तिचा हात धरून बाजूला केला. तेवढंच तिला करण्यासारखं होतं.

"उद्या येशील ना?" तिनं विचारलं. "कुलदीप? उद्या येतोस ना तू?"

तो ओशाळं हसला. जशी काही चूक त्याचीच होती.

"आईचं सोडा, मॅडम. तिले मी कसंबी मनवलं असतं," तो म्हणाला. "पन आता मलेच भेव वाटून राह्यलं."